प्रौढांमधील लठ्ठपणा: उपचार म्हणून आहार कसा ठरवावा आणि कसा टिकवावा

लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि त्यावरचा आहारोपचारही तितकाच दीर्घकाळ चालवावा लागतो. ही गोष्ट आरंभीच स्वीकारली, की कोणता आहार निवडावा या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तीन महिन्यांत सर्वांत जास्त वजन कशाने उतरेल, हे विचारण्याआधी तीन वर्षांनंतरही आपण ज्या पद्धतीने जेवत असू अशी पद्धत कोणती, हे विचारावे लागते. पुढील मार्गदर्शन याच प्रश्नाभोवती रचले आहे. ते १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे; मुलांच्या आणि गरोदर किंवा स्तनदा स्त्रियांच्या आहाराचे नियम वेगळे असल्याने त्यांना ते लागू करू नये.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रथम मोजमाप करावे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार २५ पासून पुढे वजन जास्त आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा मानला जातो. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये त्याहून कमी आकड्यांवरच मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले गेले आहेत. चरबी शरीरात कोठे साठली आहे हे मात्र बीएमआय सांगत नाही. त्यासाठी कंबरेचा घेर मोजावा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, तर पोटातील अवयवांभोवती धोकादायक चरबी साठली असण्याची शक्यता बरीच असते.

त्यानंतर डॉक्टरांकडून रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, यकृत आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यांना दाखवावी. इन्सुलिन, मधुमेहावरील सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, स्टेरॉइड, तसेच मानसिक आजारांवरील आणि अपस्मारावरील काही औषधांनी वजन वाढते. अनेकदा त्यांना पर्याय असतो. तो शोधण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या व्यक्तीने आहार अचानक कमी केला, तर रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरताना कमी करावा लागण्याची शक्यता असते. ज्यांना खाण्याशी संबंधित मानसिक विकार आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी कॅलरी मोजण्याची कोणतीही पद्धत मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. अनियंत्रित खाण्याचे झटके येत असतील तर आधी त्यांवर उपचार घ्यावेत, कारण आहारावर बंधने घातली की हे झटके वाढण्याची भीती असते.

उद्दिष्ट ठरवताना स्वतःवर अन्याय करू नये. तरुणपणीचे वजन परत मिळवणे हे बहुतेकांच्या बाबतीत वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नसते. आरंभीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली, तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातील चरबीची पातळी स्पष्टपणे सुधारते. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट होते, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. यकृताची सूज किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल, तर मात्र १० टक्क्यांहून अधिक घट लागते.

किती खावे याचा हिशेब

कोणत्याही आहारपद्धतीचे नाव काहीही असले, तरी शरीर खर्च करते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेल्याशिवाय चरबी कमी होत नाही. हिशेबाची सुरुवात विश्रांतीच्या अवस्थेतील खर्चापासून करावी. त्यासाठी मिफ्लिन आणि सहकाऱ्यांचे १९९० चे सूत्र आहारतज्ज्ञ सर्रास वापरतात: किलोमधील वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधील उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. या उत्तरात पुरुषांसाठी ५ मिळवावेत आणि स्त्रियांसाठी १६१ वजा करावेत. उदाहरणार्थ, ४५ वर्षांच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या स्त्रीचे उत्तर सुमारे १,५४५ कॅलरी येते. बैठे काम असल्यास त्याला साधारण १.४ ने गुणावे. म्हणजे दिवसाचा एकूण खर्च सुमारे २,१६० कॅलरी झाला. त्यातून ६०० वजा केले की दिवसाला सुमारे १,५५० कॅलरी हे तिचे आरंभीचे लक्ष्य ठरते. सर्वसाधारणपणे ५०० ते ७५० कॅलरींची तूट सुचवली जाते आणि ती बहुधा स्त्रियांच्या बाबतीत दिवसाला १,२०० ते १,५०० आणि पुरुषांच्या बाबतीत १,५०० ते १,८०० कॅलरींच्या आहाराशी जुळते. वर काढलेला आकडा हा अंदाज आहे हे विसरू नये. दोन सारख्या शरीरांच्या खर्चातही शेकडो कॅलरींचा फरक असू शकतो, म्हणून तीन-चार आठवडे वजनाचा कल पाहून मगच आकडा बदलावा.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यांमुळे कितीतरी प्रामाणिक माणसे निराश होतात. पहिला गैरसमज असा, की एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असल्याने रोज ५५० कॅलरी कमी केल्या की दर दोन आठवड्यांना एक किलो वजन अखंडपणे उतरत राहील. प्रत्यक्षात शरीर लहान होत जाते तसा त्याचा खर्च कमी होतो आणि भूक वाढते. २०११ मध्ये केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार आहारात कायमचा बदल केला, तर त्यातून होणाऱ्या एकूण घटीपैकी निम्मी घट व्हायलाच सुमारे एक वर्ष लागते आणि जवळजवळ संपूर्ण घट दिसायला तीन वर्षे जातात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले, तर त्यातील बराचसा भाग पाण्याचा असतो; यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते आणि तो साठा आधी रिकामा होतो. पुढच्या आठवड्यात वेग मंदावला म्हणजे उपाय फसला, असे समजू नये.

दुसरा गैरसमज आपल्या स्वतःच्या नोंदींबद्दलचा आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांचे चयापचय सामान्य होते; मात्र त्यांनी नोंदवलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होते. याला लबाडी म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल, कारण अंदाजाने मोजणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची, सडपातळ माणसांचीसुद्धा, कमी-अधिक चूक होतेच. म्हणून निदान पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा आणि पदार्थ खाल्ल्याबरोबर लगेच नोंद करावी. तेल, तूप, लोणी, सुकामेवा आणि पेये यांची नोंद हमखास सुटते, आणि नेमके तेच पदार्थ ऊर्जेने भरलेले असतात. दोन आठवड्यांनी नजर तयार झाली की रोजचे मोजमाप थांबवून अधूनमधून पडताळणी केली तरी चालते.

कोणती पद्धत निवडावी

या प्रश्नावर जितका वाद होतो, तितका फरक प्रत्यक्षात आढळत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८११ व्यक्तींना स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि कर्बोदके यांची वेगवेगळी प्रमाणे असलेले चार आहार दिले गेले. सहा महिन्यांनी सरासरी ६ किलो वजन उतरले, दोन वर्षांनी ती घट सुमारे ४ किलोंवर आली, आणि चारही आहारांचे निकाल जवळपास सारखेच होते. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चाचणीत ६०९ प्रौढांना कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदके असलेला आहार देण्यात आला. वर्षभरात एका गटाचे सरासरी ५.३ आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा नव्हता. कोणाला कोणता आहार लागू पडेल हे त्यांची जनुके तपासूनही सांगता आले नाही, त्यामुळे जनुकीय चाचणीवरून आहार ठरवून देण्याच्या जाहिरातींवर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत बोलका भाग म्हणजे प्रत्येक गटाच्या आतील तफावत: एकाच आहारावर काहींचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर काहींचे वाढले. आहार किती सातत्याने पाळला गेला, यावर निकालाचा मोठा भाग ठरतो.

म्हणून निवड करताना आपला आजार, आपली भूक आणि आपले घर या तिन्हींचा विचार करावा. रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील आणि धान्य व गोड पदार्थ कमी करणे मानवत असेल, तर कमी कर्बोदकांचा आहार योग्य ठरू शकतो. त्यात पहिल्या सहा महिन्यांत वजन काहीसे लवकर उतरते, पण वर्षाच्या शेवटी ती आघाडी बहुधा उरत नाही. काहींच्या रक्तातील एलडीएल, म्हणजे हृदयाला घातक प्रकारचे कोलेस्टेरॉल या आहाराने वाढते, म्हणून तीन महिन्यांनी तपासणी करावी. मधुमेहासाठी ज्यांची नावे ग्लिफ्लोझिनने संपतात अशी औषधे चालू असतील, तर अतिशय कमी कर्बोदकांचा आहार मुळीच सुरू करू नये; साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ले साचून जीव धोक्यात येऊ शकतो. एलडीएल जास्त असेल किंवा हृदयविकार असेल, तर भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुकामेवा, मासे आणि असंपृक्त तेले यांवर आधारलेला भूमध्यसागरी धर्तीचा आहार मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्याचे हृदयासाठीचे फायदे वजनातील घटीवर पूर्णपणे अवलंबून नसतात. मात्र तेल आणि सुकामेवा मोजूनच घ्यावा.

ठरावीक तासांतच खाणे किंवा एक दिवसाआड अगदी कमी खाणे या पद्धती सध्या अतिशय लोकप्रिय आहेत. चीनमध्ये १३९ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरींचा आहार सांगितला होता. एका गटाने तो दिवसाच्या आठ तासांतच घ्यायचा होता. वर्षभराने दोन्ही गटांतील घटीत महत्त्वाचा फरक आढळला नाही. घड्याळ पाहून जेवणे कॅलरी मोजण्यापेक्षा सोपे वाटत असेल तर ही पद्धत अवश्य वापरावी. तिच्यात वेगळी जादू शोधू नये.

डॉक्टरांच्या देखरेखीखालील अल्प-ऊर्जा आहार

एक पद्धत मात्र बाकीच्यांपासून वेगळी काढून सांगावी लागते. दिवसाला सुमारे ८०० ते १,२०० कॅलरींचा, आणि विशेष परिस्थितीत त्याहूनही कमी ऊर्जेचा आहार, सहसा तयार पेये किंवा सूप यांच्या रूपात, काही महिन्यांसाठी दिला जातो. ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत, मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या ३०६ व्यक्ती होत्या. उपचार गटाला तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी देण्यात आल्या, नंतर नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने सुरू केले गेले आणि पुढे नियमित पाठपुरावा ठेवला गेला. एका वर्षाने या गटातील ४६ टक्के लोकांची रक्तातील साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती; नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के होते. दोन वर्षांनी उपचार गटातील प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, पण तेही लहानसहान यश नव्हे. टाइप २ मधुमेह नुकताच झालेल्या आणि वजन जास्त असलेल्या प्रत्येकाला ही माहिती निदानाच्या दिवशीच मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ही पद्धत घरच्या घरी करण्याची नाही. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवसापासून बदलावी लागतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि गाऊट हा सांधे सुजवणारा आजार उफाळू शकतो. वापरायच्या मिश्रणात पुरेशी, उत्तम दर्जाची प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार असलेच पाहिजेत; १९७० च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या द्रव आहारावर राहिलेल्या अनेकांचा हृदयाच्या लयीतील बिघाडाने मृत्यू झाला होता. टाइप १ मधुमेह, अलीकडचा हृदयविकाराचा झटका, गंभीर मूत्रपिंडविकार आणि गरोदरपण यांत हा आहार टाळावा.

ताटाची मांडणी

लक्ष्य ठरले तरी भूक सांभाळली नाही तर ते टिकत नाही. त्यासाठी प्रथिनांना पहिले स्थान द्यावे. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही कमी होतात, आणि ढोबळमानाने एकूण घटीचा चौथा हिस्सा चरबीविरहित भागाचा असतो. हे नुकसान कमी करण्यासाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंवर भार देणारा व्यायाम करावा. वजन फार जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. डाळी व कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे, कमी चरबीचे मांस आणि सोयाबीन यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. सगळी प्रथिने एकाच वेळी घेण्याऐवजी ती तीन जेवणांत विभागली, तर दिवसभर भूक आटोक्यात राहायला मदत होते.

पोट भरल्याची जाणीव बऱ्याच अंशी अन्नाच्या आकारमानावर अवलंबून असते. तेलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९०० कॅलरी, सुकामेव्यात सुमारे ६००, शिजवलेल्या डाळीत साधारण १२० आणि बहुतेक पालेभाज्यांत २५ च्या आसपास कॅलरी असतात. त्यामुळे निम्मे ताट भाज्यांनी भरणे, जेवणाची सुरुवात पातळ सूप किंवा कोशिंबिरीने करणे आणि फोडणीचे तेल चमच्याने मोजून घालणे, हे बदल साधे असले तरी बराच परिणाम करतात. तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्यावेत, मात्र हळूहळू आणि पुरेशा पाण्यासह. अन्यथा पोट फुगते आणि माणूस कंटाळून सगळेच सोडून देतो.

अतिप्रक्रिया केलेल्या तयार पदार्थांबद्दल एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना दोन आठवडे असे पदार्थ आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेले अन्न, हवे तितके खाण्याची मुभा देऊन वाढण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्ध पदार्थ आणि तंतू सारखेच राखले होते. तरीही अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर ते तेवढेच उतरले. इच्छाशक्ती तीच, माणसेही तीच, फक्त अन्न वेगळे. म्हणून असे पदार्थ घरात आणून न खाण्याचा निश्चय करण्यापेक्षा ते घरात न आणणे अधिक सोपे आणि अधिक दयाळूपणाचे आहे.

गोड पेये आणि फळांचे रस सर्वप्रथम बंद करावेत, कारण त्यांतील ऊर्जेमुळे पुढच्या जेवणात भूक पुरेशी कमी होत नाही. मद्यातील अल्कोहोलमध्येही दर ग्रॅममागे ७ कॅलरी असतात.

वजन थांबते आणि परत येऊ लागते तेव्हा

बहुतेकांच्या बाबतीत सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास वजन स्थिरावते. या टप्प्यावर माणसे स्वतःला दोष देऊ लागतात, म्हणून शरीरात काय घडते ते नीट समजून घ्यावे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, अल्प-ऊर्जा आहाराने सरासरी १३.५ किलो वजन उतरवलेल्या व्यक्तींची भूक नियंत्रित करणारी संप्रेरके मोजली. वर्ष उलटून गेल्यावरही भूक शमवणारे लेप्टिन कमी, भूक वाढवणारे घ्रेलिन जास्त आणि भूक आधीपेक्षा तीव्र होती. शरीर गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी झटत असते, आणि त्याला रोज तोंड देणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे क्रूरपणाचे आहे.

याला उत्तर म्हणजे वजन टिकवण्याची योजना पहिल्या दिवशीच तयार ठेवणे. आठवड्यातून निदान एकदा ठरलेल्या वेळी वजन करावे. सर्वांत कमी वजनापेक्षा ३ किलो वाढले, तर पुन्हा नोंदवही सुरू करायची आणि दोन आठवड्यांत आहारतज्ज्ञाची भेट घ्यायची, असा नियम लिहून ठेवावा. पहिले सहा महिने दर पंधरवड्याला आणि नंतर निदान वर्षभर दर महिन्याला कोणीतरी जाणकार व्यक्ती आपल्या संपर्कात असावी. आहारपद्धतींमधील फरकापेक्षा या संपर्काचा फायदा अधिक होतो, असे मी मानतो. एखाद्या समारंभात जास्त खाल्ले गेले, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये. पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यावे.

सहा महिने मन लावून प्रयत्न करूनही ५ टक्के वजन उतरले नाही, किंवा आजार गंभीर असेल, तर औषधे आणि शस्त्रक्रिया यांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. आहार हरला म्हणून हे मार्ग घ्यायचे असतात असे नाही. आहाराला ज्या भूकेशी झुंजावे लागते ती भूक ते कमी करतात. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील सुमारे दोन तृतीयांश परत आले. अशी औषधे चालू असताना भूक इतकी कमी होते की प्रथिने आणि पाणी दोन्ही अपुरी पडू शकतात. म्हणून जेवणात प्रथिनांचा पदार्थ आधी खावा, घास लहान घ्यावेत, पोट भरल्याची जाणीव होताच थांबावे आणि मळमळ असताना तेलकट पदार्थ टाळावेत. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांच्या पूरक गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि त्यांची पातळी रक्त तपासून दरवर्षी पाहावी लागते.